वगळून

राजपत्राच्या त्या पानावर आमच्या गावाचं नाव नाही.
आहे ते एवढंच : "साझा क्रमांक अकरा वगळून."
त्या अकरात आम्ही.
सातशे बारा मतदार, एक मालगुजारी तलाव,
आणि दीड अंगणवाडी;
अर्धीला अजून छप्पर यायचंय.

मी बीएलओ. याद्या माझ्याकडे असतात,
पोषण आहाराच्या रजिस्टराखाली, कोरड्या जागी.
माझा आजा उरकुडा, कोतवाल.
बावन साली मतपेट्या त्याने डोक्यावरून आणल्या,
दर उमेदवाराची वेगळी पेटी, वेगळं चित्र.
नाल्याजवळ एक रिकामी पेटी उगाच जड लागली,
हलवून पाहिली, कानाला लावली,
पण लाखेला हात लावला नाही,
हे तो मरेपर्यंत सांगायचा,
जणू हातून घडलेलं एकमेव पुण्य
म्हणजे न केलेलं ते पाप.

तेव्हा राजधानी नागपूर. मग एक दिवस मुंबई.
आज्याने दवंडी दिली : ऐका हो, आता आपन मुंबईचे!
धिवरांच्या टोलीवरून कोणी विचारलं,
"मंग मासोरी बी तिकडंच इकाची का गा?"

पहिल्या यादीत तुळणाबाई नव्हती.
"झिबलची बायको" होती,
आणि असं नाव नियमात बसेना म्हणून तीही खोडली.
पुढच्या खेपेला तिने आपलं नाव इतकं ठासून सांगितलं
की लिहिणाऱ्याने दोनदा लिहिलं.
दोन निवडणुका गावात दोन तुळणाबाया होत्या.
बोट एकीचंच काळं व्हायचं.

एकदा आम्ही पूर्वेच्या मतदारसंघात,
एकदा पश्चिमेच्या, मग परत पूर्वेच्या.
गाव हाललं नाही. गोठ्यातला खुंटासुद्धा नाही.
नकाशावर मात्र दर वेळी कडेला,
जिथे उत्तरेचा बाण काढतात,
किंवा सूचीची चौकट बसवतात :
रस्ता, नदी, रेल्वे, हद्द.
त्या चौकटीखाली आम्ही.

शेवटच्या फेररचनेत रेघ तलावातून गेली.
तशी ती आधीपासूनच होती तिथे,
तालुक्याची म्हणून पाण्यात पडून;
कोणी तिला उठवलं आणि मोठ्या कामाला लावलं.
पाळ तिकडे, सलंग तिकडे, तुडूम तिकडे;
पाटाखालच्या बांध्या इकडे.
पाणी त्यांच्या खासदाराचं,
चिखल आमच्या.

तुडूम फुटलं तेव्हा धान पोटरीवर होतं.
सरपंच यशोधाबाई कोडापे
दोन अर्ज घेऊन दोन शहरांत गेल्या.
एकीकडे म्हणाले, काम आमच्या हद्दीत, पण लाभार्थी बाहेरचे.
दुसरीकडे, लाभार्थी आमचे, पण काम बाहेरचं.
"चहा दोन्हीकडं बरा होता," यशोधाबाई म्हणाल्या
आणि पिशवीतून रिकामी पोती काढली.

तीन रात्री माती, पोती, पळसाच्या फांद्या.
पलीकडच्या गावचा बकाराम छातीइतक्या पाण्यात,
तोंडात विजेरी धरून.
"तुहं मत तं तिकडं हाय," कोणी चिडवलं.
त्याने विजेरी काढली : "मत तिकडं हाय,
बहीन इकडं देल्ली हाय. पोतं दे."

यंदा तारखाही वेगळ्या पडल्या.
आमचं मतदान आधी, त्यांचं पुढच्या टप्प्यात.
आमचे भोंगे परवा संध्याकाळी बंद झाले.
तिकडचा चालूच आहे,
पाण्यावरून येतो, वारा फिरला की शब्द गळतात :
माझ्या बंधूंनो... भगिनींनो... तलावाच्या...

मी पाळीखाली बसून याद्या तपासते.
मयत, स्थलांतरित, लग्न होऊन गेलेली.
कवडूचा डोंगा मधोमध थांबलाय,
त्याचं नाव इकडे, अनुक्रमांक तीनशे चार,
जाळ्याचं अर्धं तिकडे.
तो भोंग्याकडे कान करून ऐकतो.
"काय म्हनते?" मी ओरडून विचारते.
"तुडूम बांधून देतो म्हनते."
"कोनाले?"
कवडू बराच वेळ बोलत नाही,
मग जाळं ओढायला लागतो.